ई-रीडर घेण्याआधी यादी करा

ई-रीडर घ्यावा का, असं कुणी विचारलं की बहुतेक जण लगेच यंत्राबद्दल बोलू लागतात. पडदा केवढा, बॅटरी किती दिवस चालते, डोळ्यांना त्रास होतो का. प्रश्न रास्त आहेत, पण मराठी वाचकाने त्यांच्याकडे नंतर वळावं. आधी एक कागद घ्या आणि येत्या वर्षभरात तुम्ही खरोखर वाचणार आहात अशी पंधरा-वीस पुस्तकं त्यावर लिहून काढा. कधीतरी वाचायला हवीत म्हणून मनात ठेवलेली नकोत, हातात पडली तर याच आठवड्यात सुरू कराल अशी हवीत. मग त्यातली किती ई-पुस्तक म्हणून मिळतात, कुठे मिळतात आणि ती ई-रीडरवर उघडतात की फक्त मोबाइलच्या ॲपमध्ये, हे एकेक करून बघा. तासाभराचं काम आहे. दहा-पंधरा हजार रुपये घालायचे की नाही, याचं बरंचसं उत्तर त्या कागदावरच मिळतं.

ज्यांचं निम्मं-अधिक वाचन इंग्रजी आहे त्यांची यादी जवळजवळ पूर्ण भरते. त्यांनी फार विचार करू नये, ई-रीडर त्यांच्या उपयोगी पडेल. अडलेल्या शब्दावर बोट दाबून ठेवलं की तिथल्या तिथे अर्थ दिसतो, ही एकच सोय इंग्रजी वाचू पाहणाऱ्या मराठी माध्यमातल्या माणसाला पुढे नेते. फक्त मराठी वाचणाऱ्यांची यादी मात्र मध्येच अडते, आणि ती का अडते हे नीट समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतात.

ॲमेझॉनचं किंडल अमेरिकेत नोव्हेंबर २००७मध्ये आलं. त्याचं भारतातलं दुकान २०१२ साली उघडलं, आणि मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळम या पाच भाषांतली ई-पुस्तकं तिथे रीतसर विकली जाऊ लागली ती डिसेंबर २०१६पासून. म्हणजे मराठी छपाई दोनशे वर्षांची आणि हा मार्ग जेमतेम दशकभराचा. त्यामुळे मराठी पुस्तकांचे सरळ तीन थर पडतात.

वरचा थर नव्या पुस्तकांचा. मोठ्या प्रकाशकांच्या गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या चालत्या कादंबऱ्या, अनुवाद, चरित्रं, आर्थिक विषयांवरची पुस्तकं यांतली बरीच ई-आवृत्तीत आहेत.

तळाचा थर जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. त्यामुळे १९१९ साली गेलेले हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी, १९३६ साली गेलेल्या लक्ष्मीबाई टिळक, १९५० साली गेलेले साने गुरुजी यांच्या हयातीत छापून आलेलं लेखन आज सगळ्यांसाठी खुलं आहे. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०२९ संपेपर्यंत राहील. खुलं झालेलं बरंच साहित्य मराठी विकिस्रोतावर मिळतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशनं पीडीएफ रूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. ई साहित्य प्रतिष्ठानाने तर लेखकांच्या संमतीने विनामूल्य मराठी ई-पुस्तकांचा मोठा साठा उभा केला आहे. ज्याला जुनं मराठी मनापासून वाचायचं आहे, त्याचा पहिल्या वर्षाचा पुस्तकांचा खर्च शून्यावर येऊ शकतो.

अडचण आहे ती मधल्या थराची. साधारण १९५० ते १९९० या काळात आलेली, एखाद्या छोट्या प्रकाशकाने हजार प्रती काढून पुन्हा न छापलेली पुस्तकं. कथासंग्रह, प्रवासवर्णनं, एखाद्या तालुक्याचा इतिहास, एखाद्या कलावंताच्या आठवणी. यातली बहुतेक खिळे जुळवून छापलेली आहेत, त्यांची संगणकावरची फाइल कधी तयारच झाली नाही. ई-पुस्तक करायचं तर अक्षरन् अक्षर नव्याने टाइप करून मुद्रितं तपासावी लागतात, वारसांचा शोध घेऊन परवानगी आणावी लागते, आणि एवढं करून विक्री किती होईल याची खात्री नसते. हे काम नजीकच्या काळात आपोआप होईल असं मला वाटत नाही. तुमच्या यादीत अशी पुस्तकं जास्त असतील तर ई-रीडरचे पैसे राखून ठेवा आणि एखाद्या जुन्या ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. पुण्याचं नगर वाचन मंदिर तर १८४८पासून आहे. या संस्थांच्या कपाटांत जे आहे ते कोणत्याही ई-दुकानात नाही. घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयातही महिन्याची वर्गणी बहुधा एका नव्या पुस्तकाच्या किमतीपेक्षा कमीच पडते.

पुस्तक मिळालं, पण उघडतं का?

यादीतलं पुस्तक ई-आवृत्तीत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. मराठी ई-पुस्तकांची काही दुकानं स्वतःच्या ॲपमधूनच पुस्तक वाचू देतात. बुकगंगावर घेतलेलं ई-पुस्तक बुकगंगाच्या ॲपमध्ये उघडतं, ते किंडलवर नेऊन वाचता येत नाही. मोबाइल किंवा टॅबलेटवर वाचणाऱ्याला याचं काही वाटणार नाही, पण ज्याने खास डोळ्यांना बरा म्हणून ई-इंकचा, म्हणजे कागदासारख्या पडद्याचा, रीडर घेतला त्याची पंचाईत होते. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक रीडरही बाजारात आहेत, त्यांवर अशी ॲप टाकता येतात. ते महाग असतात, पण यादीतली निम्मी पुस्तकं वेगवेगळ्या ॲपमध्ये विखुरलेली असतील तर त्यांचा विचार जरूर करावा.

दुसरा अडथळा पीडीएफचा, आणि मराठी वाचकाला तो रोज भेटतो, कारण विनामूल्य मिळणारं बरंचसं मराठी पीडीएफमध्येच आहे. पीडीएफ म्हणजे पानाचं जसंच्या तसं चित्र, त्यात अक्षर एकटं मोठं होत नाही. हिशेबच करून बघा. डेमी आकाराचं छापील पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. सहा इंची ई-रीडरचा पडदा साधारण ३.६ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच. पूर्ण पान त्यात बसवायचं तर ते मूळच्या जेमतेम ५६ टक्क्यांवर येतं. मूळ अक्षर १४ पॉइंटचं असेल तर पडद्यावर ते आठ पॉइंटचं होतं. आठ पॉइंटच्या देवनागरीत अनुस्वार, रफार आणि उकार एकमेकांत मिसळतात. चष्मा लावूनही ते अर्धा तास वाचवत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. रीडर आडवा धरा, म्हणजे पान उभं ठेवण्याऐवजी आडवं करण्याची सोय सेटिंगमधून चालू करा. आता पानाची साडेपाच इंच रुंदी ४.८ इंचांत बसते, १४चं अक्षर १२च्या आसपास दिसतं, आणि एक पान दोन-अडीच टप्प्यांत वाचून होतं. पानाच्या कडेचा पांढरा समास आधी कापून घेतला तर अक्षर छापील पुस्तकापेक्षाही मोठं होतं. समास कापण्याचं, फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेण्याचं काम करणारं कॅलिबर हे विनामूल्य सॉफ्टवेअर प्रत्येक ई-रीडरधारकाच्या संगणकावर असायला हवं. फाइलींचं रूपांतर ते स्वतःच करतं, समासासाठी त्याला एखादं जोडसॉफ्टवेअर लागेल. भारतीय वंशाच्या कोविद गोयल यांनी २००६मध्ये ते लिहायला घेतलं आणि आजही ते त्यावर काम करत आहेत.

मात्र एक गोष्ट कॅलिबरलाही जमत नाही. मराठी प्रकाशन व्यवसायात वर्षानुवर्षं श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये मजकूर जुळवला गेला. अशा फाइलीत पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी आत साठवलेली खूण भलत्याच अक्षराची असते. पीडीएफ म्हणून ती उत्तम दिसते, पण अक्षर लहानमोठं करता यावं म्हणून तिचं ई-पबमध्ये रूपांतर केलं की हाती इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पसारा येतो. म्हणून कुठेही पुस्तक उतरवून घेताना ‘ई-पब’ असा पर्याय दिसला तर डोळे मिटून तोच घ्यावा. किंडलही २०२२पासून ‘सेंड टू किंडल’च्या मार्गाने ई-पब स्वीकारतं.

नमुन्याची पानं आणि देवनागरीची परीक्षा

बहुतेक ई-दुकानांत पुस्तकाचा सुरुवातीचा भाग फुकट वाचायला मिळतो. तो वाचताना कथानकाकडे थोडं दुर्लक्ष करून अक्षरांकडे बघा. ‘विठ्ठल’, ‘उद्ध्वस्त’, ‘षट्कोन’ यांसारखी जोडाक्षरं नीट जुळली आहेत का, की पाय मोडलेली अक्षरं सुटी पडली आहेत? ‘ॲ’ आणि ‘ऑ’ जागेवर आहेत का, की त्यांच्या जागी चौकट दिसते? ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र बरोबर उमटतो का? हा अर्धा र मराठीचा खास आहे, हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये नेमका तोच बिघडतो.

या अर्ध्या र-ची आणखी एक गंमत माहीत असावी. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. पुस्तकात एका रीतीने लिहिलेला ‘दुसऱ्या’ तुमच्या कळफलकाच्या दुसऱ्या रीतीने शोधलात तर रीडर ‘सापडला नाही’ म्हणून सांगतो. अशा वेळी अर्धा र नसलेला, शेजारचा एखादा शब्द शोधावा. ई-पुस्तकात शोधता येतं हा त्याचा मोठा गुण खरा, पण मराठीत तो अजून पूर्ण हाती आलेला नाही.

ल आणि श यांच्या वळणाचंही बघा. महाराष्ट्र शासनाने २००९च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण मानला, पण अनेक यंत्रांत हिंदी वळणाचीच अक्षरं येतात. काहींना फरक पडत नाही. लहानपणापासून एका वळणाची सवय झालेल्या ज्येष्ठ वाचकांना मात्र तो सतत खुपतो. काही रीडरवर आपल्या पसंतीचा फॉन्ट टाकता येतो, घेण्याआधी ही सोय आहे का ते विचारून घ्या.

डोळ्यांचं काय?

इथे मोबाइल, टॅबलेट आणि ई-रीडर यांची गल्लत फार होते. ई-इंकच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात आणि त्यांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. यंत्र वीज देतं तेव्हा कुठे काळे कण वर येतात, कुठे पांढरे, आणि पान तयार होतं. एकदा तयार झालेलं पान तसंच धरून ठेवायला वीज लागत नाही, ती फक्त पान उलटताना खर्च होते. म्हणून बॅटरी आठवड्यांच्या हिशेबात टिकते. आणि कागदासारखाच हा पडदा बाहेरच्या उजेडात वाचता येतो, भर दुपारी अंगणात तर घरातल्यापेक्षा स्पष्ट. रात्रीसाठी जे दिवे असतात ते पडद्याच्या कडेला असतात आणि त्यांचा प्रकाश पानावर पडतो, तुमच्या डोळ्यांत सरळ येत नाही.

झोपेआधी ई-पुस्तक वाचल्याने झोप उशिरा लागते, असं सांगणारा २०१४मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास वारंवार पुढे केला जातो. तो बारा जणांवर केलेला होता आणि त्यात वापरलेलं यंत्र होतं आयपॅड, म्हणजे स्वतः उजेड फेकणारा पडदा. त्याचा निष्कर्ष ई-इंकला जशाच्या तसा लावणं बरोबर नाही. तरीही रात्री दिवा मंद ठेवावा, आणि पिवळसर उजेडाची सोय असलेलं मॉडेल परवडत असेल तर ते घ्यावं. किंडलच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये ती नाही, पेपरव्हाइटमध्ये आहे.

एक सूचना मात्र आग्रहाने करावीशी वाटते. पडदा ३०० पीपीआयचा, म्हणजे एका इंचात ३०० ठिपक्यांचा, आहे याची खात्री करा. जुन्या १६७ पीपीआयच्या यंत्रांवर इंग्रजी खपून जातं, देवनागरीत मात्र मात्रा-वेलांट्यांच्या कडा खडबडीत दिसतात.

लक्षात कशातून जास्त राहतं, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या पालकांकडून येतो. २०१८मध्ये संशोधकांनी आधीच्या ५४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांची माहिती होती. माहितीपर मजकूर, आणि तोही वेळेचं बंधन असताना वाचायचा तर कागद सरस ठरला. केवळ कथात्म मजकुरात तसा फरक दिसला नाही. २०१९मध्ये नॉर्वेतल्या एका संशोधिकेने सहकाऱ्यांसह ५० जणांना २८ पानांची एक रहस्यकथा वाचायला दिली, निम्म्यांना छापील आणि निम्म्यांना किंडलवर. समजण्यात बहुतांशी फरक पडला नाही, पण कोणती घटना आधी आणि कोणती नंतर हे छापील पुस्तक वाचणाऱ्यांना जास्त अचूक सांगता आलं. उजव्या हातातली पानं कमी होत जातात, डाव्या हातातली वाढत जातात, आणि आपण कुठवर आलो हे बोटांना कळत राहतं. ई-रीडरवर ते टक्क्यांत कळतं, आणि टक्के बोटांना जाणवत नाहीत. म्हणून एमपीएससीचा अभ्यास, कायदा, इतिहासाचे संदर्भग्रंथ यांसाठी कागदच घ्या. प्रवासात किंवा झोपताना कादंबरी, रहस्यकथा, आत्मचरित्र यांना ई-रीडर पुरेपूर न्याय देतो.

काही वाचन असं आहे की तिथे मी ई-रीडर सुचवणारच नाही. दिवाळी अंक हे त्यातलं पहिलं. ‘मासिक मनोरंजन’ने १९०९मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून चित्रं, व्यंगचित्रं, मांडणी, मोठा आकार हा त्या परंपरेचाच भाग आहे, आणि सहा इंची काळ्या-पांढऱ्या पडद्यावर त्यातलं फार थोडं उरतं. घरात एक अंक चौघे जण आळीपाळीने वाचतात, तेही तिथे होत नाही. दुसरं म्हणजे पारायण. गुरुचरित्राचा किंवा ज्ञानेश्वरीचा नेम असलेल्या माणसाला ठळक टाइपातली, ओव्यांचे आकडे ठरल्या जागी असलेली पोथीच हवी. ई-रीडरवर अक्षर मोठं केलं की ओवी मध्येच तुटून आकडा पुढच्या ओळीवर जातो. कवितेचंही तेच होतं, कवीने तोडलेली ओळ कोणती आणि यंत्राने तोडलेली कोणती ते कळेनासं होतं. आणि लहान मुलांच्या हाती सुरुवातीची काही वर्षं छापील पुस्तकच द्यावं. चावलेलं, फाटलेलं, खडूने रंगवलेलं पुस्तक हे मूल वाचायला लागल्याचं लक्षण आहे.

उलट, जाडजूड कादंबरी आडवं पडून वाचायची तर ई-रीडरला तोड नाही. ‘श्रीमान योगी’ हजारांहून अधिक पानांचं आहे, ते छातीवर पेलत वाचताना मनगट भरून येतं. साध्या किंडलचं वजन १५८ ग्रॅम. विरार किंवा कर्जत लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्याने वाचणाऱ्यालाही हाच हिशेब लागू होतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने पुस्तकांना दमट वास लागतो, बुरशी धरते, कसर लागते. तिथे रोजचं वाचन ई-रीडरवर आणि जपायची तेवढी पुस्तकं कपाटात, ही विभागणी सोयीची आहे. कपाटातली पुस्तकं खच्चून भरू नयेत, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नयेत, मध्ये वेखंडाचे तुकडे किंवा वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा आणि उघडीप मिळेल तेव्हा पुस्तकं काढून सावलीत वारा द्यावा. उन्हात टाकली तर पुठ्ठा वाकतो.

विकत घेतलेलं पुस्तक कुणाचं?

ही बाब मला सगळ्यात गंभीर वाटते आणि खरेदीच्या वेळी तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. छापील पुस्तक विकत घेतलं की ते तुमचं. शेजारच्या काकूंना द्या, वाचनालयाला द्या, मुलीला आहेरात द्या. ई-पुस्तकाचं ‘विकत घ्या’ हे बटण दाबल्यावर तुम्हाला मिळतो तो वाचण्याचा परवाना. तो बहुतेक दुकानांच्या अटींनुसार दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादावरून जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकल्या. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा घेतलेली पुस्तकं वाचकांच्या यंत्रांवरून गेली, तिथेही पैसे परत मिळाले. फेब्रुवारी २०२५मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून घेण्याची सोय काढून टाकली.

म्हणून पुस्तकागणिक ठरवा. एकदा वाचून बाजूला ठेवणार असाल ते ई-आवृत्तीत घ्या. ज्या पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा जाल, ज्यात समासात लिहाल, जे पुढच्या पिढीला द्यावंसं वाटतं, ते छापील घ्या. एखादं पुस्तक आधी ई-आवृत्तीत वाचलं आणि इतकं आवडलं की मग छापील आणलं, असंही होऊ द्या. मराठीत एक आवृत्ती हजार प्रतींचीही असते, तिथे एकेक प्रत विकली जाणं प्रकाशकाला पुढचं पुस्तक काढायचं बळ देतं. याच कारणासाठी व्हॉट्सॲपवर आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफ घेऊ नका आणि पुढे पाठवू नका. हयात लेखकाच्या पुस्तकाचं स्कॅन ‘वाचन संस्कृती वाढावी’ म्हणून गटावर टाकणारा माणूस त्या लेखकाचं पुढचं पुस्तक कठीण करतो.

पैशांचा हिशेब थोडक्यात. भारतात साधा ई-रीडर दहा-बारा हजारांना आणि त्यावरचं मॉडेल सोळा-सतरा हजारांच्या आसपास पडतं, किमती सणासुदीला खालीवर होतात. समजा यंत्र बारा हजारांचं आणि मराठी ई-पुस्तक छापील प्रतीपेक्षा सरासरी शंभर रुपयांनी स्वस्त. म्हणजे यंत्राचे पैसे वसूल व्हायला १२० पुस्तकं वाचावी लागतील. महिन्याला दोन वाचणाऱ्याला पाच वर्षं लागतील. केवळ बचत म्हणून ई-रीडर घेण्यात अर्थ नाही, तो घ्यायचा सोयीसाठी.

सोय सर्वांत जास्त जाणवते ती परदेशातल्या मराठी माणसाला. तिथे पुस्तकाच्या किमतीपेक्षा टपालखर्च जास्त होतो, आणि भारतातून परतताना २३ किलोच्या बॅगेत आधी लोणचं, चकलीची भाजणी, मग उरल्या जागेत पुस्तकं. अशांनी यंत्र घेण्याआधी एकच बघावं. आपलं खातं कोणत्या देशाच्या दुकानाशी जोडलेलं आहे, आणि यादीतली मराठी पुस्तकं त्या दुकानात दिसतात का. देशानुसार विक्रीचे हक्क वेगळे असू शकतात.

शेवटी, घरातल्या वयस्कर माणसासाठी ई-रीडर घेणार असाल तर. मोतीबिंदूमुळे किंवा नुसत्या वयामुळे ज्यांचं वाचन सुटलं आहे त्यांच्यासाठी मोठं करता येणारं अक्षर ही फार मोठी गोष्ट आहे. अशी माणसं पुन्हा रोज वाचू लागतात. पण खोका तसाच हातात देऊ नका. खातं आधी तुम्ही उघडा, पैसे भरण्याची व्यवस्था तुमच्याकडे ठेवा, म्हणजे चुकून बोट लागून खरेदी व्हायची नाही. त्यांच्या आवडीची पाच-सहा पुस्तकं आधीच भरून ठेवा, एकदम पन्नास भरलीत तर ती माणसं यादीतच हरवतात. अक्षराचा आकार त्यांना शेजारी बसवून ठरवा आणि ओळींमधलं अंतर सगळ्यात जास्त ठेवा, देवनागरीत वर-खाली मात्रा असल्याने त्याचा आकाराइतकाच उपयोग होतो. कोरड्या बोटांनी पान उलटत नसेल तर पडद्याची संरक्षक काच काढून बघा, अनेकदा अडथळा तोच असतो. पान पुढे न्यायला कुठे बोट लावायचं, मागे जायला कुठे आणि चुकून भलतीकडे गेल्यावर पुस्तकात परत कसं यायचं, या तीनच गोष्टी शिकवा. त्याही एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून वेष्टनाच्या आतल्या बाजूला चिकटवा. आणि पहिले पंधरा दिवस रोज एकदा विचारा, कुठवर आलात.